महाराष्ट्राच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचा पत्ता सांकलियांना फुटक्या खापरांनी दिला

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या गावात गेलात तर गावाला लागून एखादं पांढुरकं टेकाड दिसतं. लोक त्याला पांढरी म्हणतात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, असा आपल्याकडचा जुना हिशोब. एकाच जागी शेकडो वर्षं घरं बांधली गेली, पडली, त्यावर पुन्हा बांधली गेली. चुलीतली राख साचली, मातीच्या भिंती विरघळल्या आणि त्याचं टेकाड झालं. शेतकरी ही माती खत म्हणून शेतात टाकतात. पावसाळा सरला की त्या मातीतून खापरं वर येतात. पोरं ती नदीत भाकऱ्या काढायला वापरतात आणि मोठी माणसं पायाने बाजूला सारतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने मात्र आयुष्याची पन्नास वर्षं हीच खापरं गोळा करण्यात घालवली. त्यांचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया. आज आपण महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या हजारभर वर्षं आधीपासून सांगू शकतो, त्यात मोठा वाटा या माणसाचा आहे.

त्यांच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मडक्यावर काळ्या रंगाने चार रेघा ओढल्या. ज्याने ओढल्या त्याने काहीच लिहून ठेवलेलं नाही. मग त्या रेघांचा अर्थ कोण लावणार? आणि लावलेला अर्थ त्या कुंभाराचा, की आपल्याच डोक्यातला? सांकलियांना हा प्रश्न जन्मभर पुरला.

अशक्त पोर आणि टिळकांचं पुस्तक

सांकलियांचा जन्म 10 डिसेंबर 1908 चा, मुंबईतला. घर गुजराती, वकिलांचं. मूल इतकं अशक्त होतं की पहिल्या काही दिवसांत ते जगेल अशी आशा कुणाला नव्हती. पण पोर जगलं आणि पुढे वाचनाच्या नादी लागलं.

शाळेच्या वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या पुस्तकाचा गुजराती अनुवाद पडला. वेद रचणाऱ्या लोकांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं टिळकांनी 1903 च्या या पुस्तकात मांडलं होतं. त्यासाठी त्यांनी वेदांतल्या ऋचा आणि खगोलशास्त्राची गणितं यांचा आधार घेतला होता. पंधराएक वर्षांच्या मुलाला त्यातलं सगळं कळणं शक्यच नव्हतं. पण हे समजून घ्यायचं तर संस्कृत यायला हवं आणि गणितही यायला हवं, एवढं त्याने ठरवून टाकलं. आर्य कोण होते आणि कुठून आले, हा प्रश्न त्या वयात डोक्यात शिरला तो शिरलाच. हे लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी संस्कृत घेतलं. एम.ए.साठी फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. घरच्या परंपरेला धरून कायद्याचंही शिक्षण घेतलं, पण वकिलीत मन नव्हतं. ते लंडनला गेले आणि 1936 मध्ये गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. घेऊन आले.

लंडनच्या त्या दिवसांत त्यांना एक गुरू भेटला. मॉर्टिमर व्हीलर तेव्हा इंग्लंडमध्ये मेडन कॅसल नावाच्या जुन्या टेकडी-किल्ल्यावर उत्खनन करत होते. सांकलिया तिथे जाऊन काम शिकले. हेच व्हीलर पुढे 1944 मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. उत्खनन म्हणजे खजिना शोधणं नव्हे, मातीचा प्रत्येक थर वेगळा ओळखायचा आणि कुठली वस्तू कुठल्या थरातून आली याची नोंद ठेवायची, ही व्हीलर यांची शिस्त होती. ती सांकलियांच्या अंगात मुरली.

1939 मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. योगायोग बघा, टिळक याच डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. ज्यांच्या पुस्तकाने हा मुलगा या वाटेला लागला, त्यांच्याच कॉलेजात तो शिकवायला आला. त्याच सुमारास इरावती कर्वेही तिथे आल्या. गुजरातमधल्या लांघणजच्या उत्खननात दोघांनी एकत्र काम केलं आणि तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले.

खापरच का?

आता तुम्ही म्हणाल, सोनंनाणं, मूर्ती, शिलालेख सोडून हा माणूस खापरांच्या मागे का लागला?

कारण साधं आहे. सोनं कुणी टाकून देत नाही. तांब्याची कुऱ्हाड मोडली तर ती वितळवून नवी करता येते. लाकूड कुजतं, कापड विरतं. मडकं मात्र रोज फुटतं आणि फुटलं की त्याचा काही उपयोग नसतो. ते लोक घराबाहेर फेकतात. आणि भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही. त्यामुळे पांढरीत सगळ्यात जास्त मिळतं ते खापर.

दुसरं म्हणजे मडक्याची फॅशन बदलते. आज आपल्या घरात आजीच्या काळातली पितळी भांडी, आईच्या काळातलं स्टील आणि आत्ताचं काचसामान एकत्र दिसतं. भांडं बघून ते साधारण कधीचं हे आपण सांगू शकतो. तसंच काठ बाहेर वळलेला आहे की सरळ, गळा उंच आहे की बुटका, रंग तांबडा आहे की काळा, नक्षी रेघांची आहे की प्राण्यांची, यावरून जाणकार माणूस खापराचा काळ ओळखतो. एका ठिकाणी थरांवरून हा क्रम नीट लागला की दुसऱ्या ठिकाणी तसंच खापर मिळाल्यावर तिथला काळही अंदाजाने लावता येतो. लिहिलेलं काहीच नसतं तेव्हा खापर हेच पुरातत्त्वज्ञाचं कॅलेंडर असतं.

महाराष्ट्राला अशा कॅलेंडरची फार गरज होती. 1950 पर्यंत आपल्याकडचा इतिहास सम्राट अशोक आणि सातवाहन यांच्यापासून, म्हणजे साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीपासून सुरू व्हायचा. त्याच्या खूप आधीची दगडी हत्यारं नद्यांच्या काठी सापडत होती. या दोन टोकांच्या मधल्या काळात इथे कोण राहत होतं, काय पिकवत होतं, याचा पत्ता नव्हता. तिकडे हडप्पा आणि मोहेंजोदडोची शहरं जगाला माहीत झाली होती. इकडे दख्खनच्या वाट्याला दंडकारण्य नावाचं रान तेवढं होतं.

जोर्वे नावाचं गाव

1950-51 च्या हंगामात सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव नाशिकला उतरले. गोदावरीकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर उत्खनन झालं. त्याच मोहिमेत दुसरी जागा होती संगमनेरजवळ प्रवरा नदीच्या काठचं जोर्वे.

जोर्व्यात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती मिळाली. आणि त्यांच्यासोबत एक विशिष्ट प्रकारची भांडी मिळाली. पातळ, चाकावर घडवलेली, चांगली खणखणीत भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखा आवाज यावा अशी. रंग तांबडा किंवा नारिंगीकडे झुकणारा आणि त्यावर काळ्या रंगाची नक्षी. ठरावीक तीन आकार पुन्हा पुन्हा दिसायचे. पोटाशी कंगोरा असलेला वाडगा, तोटी असलेलं भांडं आणि उंच गळ्याचा गोल पोटाचा घट.

पुरातत्त्वात एक रिवाज आहे. एखादी संस्कृती पहिल्यांदा ज्या जागी ओळखली जाते, त्या गावाचं नाव तिला मिळतं. त्यामुळे प्रवरेकाठचं हे लहानसं गाव जगभरातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं. जोर्वे संस्कृती. काळ साधारण इसवी सन पूर्व 1400 ते 700. तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे, शेती करणारे, गुरं पाळणारे लोक. एकदा ही भांडी ओळखू यायला लागल्यावर गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या खोऱ्यांत ती ठिकठिकाणी दिसू लागली. पांढऱ्या टेकाडांवर ती आधीपासूनच होती. कुणी त्या नजरेने बघितलं नव्हतं एवढंच.

रंगवली कशी?

या भांड्यांवरची नक्षी साडेतीन हजार वर्षं टिकली कशी, याचं उत्तर कुंभाराच्या कामाच्या क्रमात आहे.

आधी माती मळून चाकावर भांडं घडवायचं. ते अर्धवट वाळलं की लोहाचा अंश असलेल्या तांबड्या मातीचा पातळ लेप द्यायचा. त्याने भांड्याला रंग येतो आणि पृष्ठभागही गुळगुळीत होतो. मग त्यावर काळपट खनिज रंगाने नक्षी काढायची आणि त्यानंतर भांडं भट्टीत भाजायचं. भाजताना रंग आणि माती एकजीव होतात, म्हणून ही नक्षी धुतल्याने जात नाही. भाजून झाल्यावर रंग लावला तर तो वरच्यावर राहतो आणि कालांतराने खरवडून जातो.

भट्टीतली हवाही रंग ठरवते. भरपूर हवा मिळाली तर मातीतलं लोह तांबडं होतं. हवा कोंडली तर तीच माती काळी पडते. राजस्थानात उदयपूरजवळ आहाड इथे सांकलियांनी 1961-62 मध्ये उत्खनन केलं, तिथे आत काळी आणि बाहेर तांबडी अशी भांडी मोठ्या प्रमाणात मिळाली. त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची आणि रेघांची नक्षी होती. असं दुरंगी भांडं करण्याची एक रीत म्हणजे ते भट्टीत पालथं ठेवायचं. आतल्या बाजूला हवा पोचत नाही, ती काळी होते. बाहेरची बाजू तांबडी होते. म्हणजे एकाच आचेत दोन रंग. हे करणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण आगीची नस बरोबर कळलेली होती.

जोर्वे भांड्यांवर बहुतेक नक्षी भौमितिक असते. त्रिकोण, शंकरपाळ्यासारखे चौकोन, त्यांत भरलेली आडव्या-उभ्या रेघांची जाळी, शिडीसारखे पट्टे, नागमोडी रेघा. ती सहसा भांड्याच्या वरच्या भागावर असते. त्याचं कारण व्यवहारातलं असू शकतं. गोल बुडाचा घट जमिनीत किंवा चुंबळीवर टेकवला की खालचा भाग दिसतच नाही. जो भाग दिसतो तो सजवायचा.

मग या त्रिकोणांचा अर्थ काय? डोंगर? धान्याची रास? की नुसतीच शोभा? आपल्या दारातल्या रांगोळीचा विचार करा. गोपद्मं काढणाऱ्या बाईला त्यांचा अर्थ विचारला तर ती सांगेल. पण शेजारच्या ठिपक्यांच्या रांगोळीचा अर्थ विचारला तर सांगेल की छान दिसते म्हणून काढली. दोन्ही उत्तरं खरी आहेत. तीन हजार वर्षांनी ती रांगोळी कुणाला सापडली आणि सांगणारी बाई नसली, तर कुठलीला अर्थ आहे आणि कुठली शोभेची, हे तो कसं ओळखणार? पुरातत्त्वज्ञाची अडचण अगदी हीच असते.

नेवाशाला इतिहास खणत खाली

1954 मध्ये सांकलिया नेवाशाला गेले. नेवासे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. ज्या गावात 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, त्याच गावाजवळ प्रवरेकाठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. तिथे खणत खणत मध्ययुग, सातवाहनकाळ असं करत हे लोक जोर्वे संस्कृतीपर्यंत आणि आजूबाजूच्या नदीच्या थरांतून त्याही मागे दगडी हत्यारांपर्यंत पोचले. या उत्खननाच्या अहवालाचं नावच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे अशा अर्थाचं आहे. ज्ञानेश्वरांचं गाव ज्ञानेश्वरांच्या किती तरी आधीपासून नांदतं होतं, हे त्यातून समोर आलं.

नेवाशाच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं. दोन घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत मुलाचा देह. शेजारी तोटीचं भांडं, वाडगा. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अंश टिकले होते. नक्षीच्या भांड्याचा अर्थ इथे वेगळाच होतो. रोजच्या वापरातलं चांगलं भांडं कुणीतरी मेलेल्या लेकरासोबत ठेवलं होतं. त्यावरच्या त्रिकोणाचा अर्थ आपल्याला कळला नाही तरी ते भांडं तिथे ठेवण्यामागचं मन कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नेवाशाच्या सातवाहनकाळच्या थरांत रोमन सुरयांचे तुकडे मिळाले. या निमुळत्या बुडाच्या उंच सुरयांतून भूमध्य समुद्राकडून मद्य यायचं. त्या सापडल्या म्हणून नेवासे रोमन लोकांनी वसवलं, असं सांकलियांनी किंवा कुणीही म्हटलं नाही. व्यापारातून माल आला, हे उघड होतं.

हे उदाहरण ध्यानात ठेवा आणि आता नर्मदेच्या काठी चला.

नवदाटोलीचे नाचणारे

मध्य प्रदेशात नर्मदेच्या उत्तर काठावर अहिल्याबाई होळकरांचं महेश्वर आहे. पुराणांतली माहिष्मती नगरी ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. समोर दक्षिण काठावर नवदाटोली. डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं विद्यापीठ यांनी मिळून 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1957 ते 1959 या काळात इथे उत्खनन केलं. पुराणांतल्या नगरीचा माग काढत गेलेल्या सांकलियांना तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं खेडं मिळालं. कुडाच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, गहू, डाळी आणि रंगवलेल्या भांड्यांचा प्रचंड साठा.

ही माळव्याची भांडी जोर्व्यापेक्षा थोडी आधीची आणि नक्षीच्या बाबतीत कितीतरी श्रीमंत. रेघा आणि जाळ्या तर होत्याच, शिवाय हरणं होती. आणि एका खापरावर चक्क माणसं होती, एकमेकांचे हात धरून रांगेत नाचणारी. सांकलियांनी 1955 मध्ये ‘अँटिक्विटी’ या इंग्लंडमधल्या नियतकालिकात या नाचणाऱ्यांवर लेख लिहिला.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात त्यांचा आणखी एक लेख आला. विषय होता नवदाटोलीची तोटीची भांडी आणि इराण. नवदाटोलीत एक खास वाडगा मिळाला होता. त्याच्या काठाला पन्हळीसारखी लांब, वरून उघडी तोटी होती. अशी भांडी इराणमधल्या सियाल्क, गियान यांसारख्या प्राचीन ठिकाणी मिळाली होती. उंच दांड्याचे पेले होते, त्यांनाही तिकडे भाऊबंद होते. हात धरून नाचणाऱ्या माणसांच्या रांगा पश्चिम आशियातल्या त्याहून जुन्या भांड्यांवरही आहेत.

यावरून सांकलियांनी एक धाडसी अंदाज मांडला. इराणकडून काही लोक इकडे आले असावेत, त्यांनी ही भांडी आणि ही नक्षी सोबत आणली असावी आणि कदाचित हे लोक म्हणजे आर्यांची एखादी शाखा असावी.

पंधराव्या वर्षी टिळकांचं पुस्तक वाचणारा मुलगा आठवला ना? आर्य कुठून आले, हा त्याचा पहिला प्रश्न होता. तीस वर्षांनी नर्मदेकाठी त्याच्या हातात असं भांडं आलं, ज्यात त्याला त्या प्रश्नाचं उत्तर दिसलं.

चिनी मातीचा कप

सांकलियांनी मुद्दाम काही ओढूनताणून मांडलं, असा याचा अर्थ नाही. त्यांच्या पिढीत जगभरचे पुरातत्त्वज्ञ असाच विचार करत होते. एका नमुन्याची भांडी म्हणजे एक लोक, आणि भांडी दुसरीकडे दिसली म्हणजे लोक तिकडे गेले. हिशोब सोपा होता आणि नकाशावर बाण काढायला सोयीचा.

पण त्यात एक गफलत आहे, ती आपल्या फडताळातच दिसते. आपण ज्या कपातून चहा पितो त्याला चिनी मातीचा कप म्हणतो. उद्या एखादा पुरातत्त्वज्ञ पुण्या-मुंबईत खणायला लागला तर त्याला घरोघरी असे कप मिळतील. त्यावरून चिनी लोक इथे येऊन राहिले, असा निष्कर्ष त्याने काढला तर आपण हसू. वस्तू प्रवास करते, तिची नक्कल होते, एखादा कारागीर दुसरीकडचा आकार बघून आपल्याकडे करून पाहतो. कधी दोन ठिकाणची माणसं एकमेकांना न भेटताही त्याच गरजेपोटी त्याच आकारापर्यंत पोचतात. द्रव पदार्थ ओतायचा असेल तर तोटी काढावीच लागते. हात धरून नाचणं तर जवळपास सगळ्याच समाजांत आहे. आपल्याकडे वारली चित्रांत तारप्याभोवती फेर धरलेली माणसं आहेत, म्हणून वारली लोक इराणमधून आले असं होत नाही.

काळाचाही प्रश्न होता. नवदाटोलीतल्या जळक्या अवशेषांची कार्बन तपासणी झाली आणि वस्तीचा काळ इसवी सन पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मधला निघाला. सियाल्कच्या ज्या दफनभूमीतली लांब तोटीची भांडी प्रसिद्ध आहेत, तिचा काळ इसवी सन पूर्व 1000 ते 800 च्या आसपासचा धरतात. म्हणजे त्या बाबतीत ज्याला मूळ समजायचं तेच नवदाटोलीपेक्षा धाकटं. नेवाशाच्या रोमन सुरयांच्या बाबतीत व्यापार हे उत्तर सगळ्यांना सहज पटलं, कारण रोमशी व्यापार होता हे इतर पुराव्यांनी आधीच माहीत होतं. नवदाटोलीच्या बाबतीत तसा दुसरा पुरावा नव्हता. ती मोकळी जागा जुन्या प्रश्नाने भरून काढली.

पुढच्या पिढीतल्या अनेक अभ्यासकांनी माळवा संस्कृतीची मुळं जवळपासच, मध्य भारत आणि राजस्थानातल्या आधीच्या शेतकरी वस्त्यांत शोधली. प्रवरेकाठच्याच दायमाबादला पुढे जे थर मिळाले, त्यांत माळव्याच्या भांड्यांच्या वर जोर्वे भांडी आली. दोघांच्या आकारांत आणि नक्षीत नातंही दिसलं. म्हणजे माळव्याकडची परंपरा दख्खनमध्ये उतरली आणि इथल्या मातीत तिचं जोर्वे झालं, असा क्रम लागतो.

हे मतभेद विद्वानांपुरते नाहीत. आपले पूर्वज बाहेरून आले की इथलेच, या प्रश्नावर आपल्याकडे आजही गावोगाव भांडणं होतात आणि राजकारणही होतं. अशा वेळी एका वाडग्याच्या तोटीवर केवढा भार टाकायचा, याचं भान लागतं. भांडं ते कसं केलं, कधी केलं, कशासाठी वापरलं हे सांगू शकतं. ते करणाऱ्याची भाषा कोणती होती आणि तो स्वतःला काय म्हणवून घ्यायचा, हे भांड्यावर लिहिलेलं नसतं.

इनामगावची शाळा

सांकलियांचं मोठेपण असं की त्यांचा अंदाज तपासायची साधनंही त्यांनीच पुढच्यांच्या हाती दिली. उत्खननाचे अहवाल ते नेमाने छापत राहिले. कुठलं खापर कुठल्या थरातून आलं, कुठल्या आकाराची भांडी मिळाली, नक्षीचे नमुने कोणते, हे सगळं चित्रांसह. त्यामुळे ज्यांना त्यांचं मत पटलं नाही, त्यांना मूळ माहिती शोधत फिरावं लागलं नाही. ती सांकलियांच्याच पानांवर होती.

1968 मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजचं काम सुरू झालं. सांकलिया 1973 मध्ये निवृत्त झाले. म. के. ढवळीकर, झ. दा. अन्सारी आणि इतर सहकाऱ्यांनी ते काम 1983 पर्यंत चालवलं. इथे प्रश्न बदललेले होते. हे लोक कुठून आले, यापेक्षा ते जगत कसे होते यावर भर होता. घरं मोजली, धान्याचे दाणे तपासले, हाडं तपासली, कुंभाराची भट्टी ओळखली, पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध शोधला. एका खापरावर बैलगाडीचं कोरलेलं चित्र मिळालं.

इनामगावच्या शेवटच्या काळात, इसवी सन पूर्व 1000 नंतर, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांची घडण खरबरीत झाली. पाऊस कमी होत गेला, शेती बसली आणि लोक गरीब झाले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. इसवी सन पूर्व 700 च्या आसपास गाव ओस पडलं. नक्षीच्या अर्थाबद्दल वाद असले तरी भांडं घडवायला माणसाकडे किती निवांतपणा होता, हे भांडं बऱ्यापैकी सांगतं. दुष्काळाने गाव उठणं म्हणजे काय, हे शिरूरकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटपर्यंत तोच नाद

1974 मध्ये सांकलियांना पद्मभूषण मिळालं. भारत आणि पाकिस्तानच्या प्रागितिहासावरचा त्यांचा ग्रंथ अनेक वर्षं विद्यार्थ्यांचं मुख्य पुस्तक होता. म. श्री. माटे यांच्यासोबत ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हे पुस्तक त्यांनी मराठी वाचकांना दिलं. 1978 मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच आपला जन्म पुरातत्त्वासाठी झाला, अशा अर्थाचं आहे. जे मूल दोन आठवडे जगेल की नाही अशी शंका होती, ते ऐंशी वर्षं जगलं. 28 जानेवारी 1989 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांनी तयार केलेले विद्यार्थी देशभरच्या विद्यापीठांत आणि पुरातत्त्व खात्यात गेले. त्यांचा इराणचा अंदाज मागे पडला. पण जोर्वे, नेवासे, नवदाटोली, आहाड ही नावं काढल्याशिवाय त्या काळाबद्दल आजही कुणाला काही बोलता येत नाही.

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. कधी गेलात तर तांबड्या भांड्यांवरच्या काळ्या रेघा जवळून बघा. आणि गावाकडच्या पांढरीवर खापर सापडलं तर ते खिशात घालून आणू नका. उचलून बघा, फोटो काढा आणि आहे तिथेच ठेवा. कुठल्या जागी आणि कुठल्या थरात होतं हे हरवलं की खापराची अर्धी गोष्ट जाते, आणि ती परत आणायला सांकलियाही पुरे पडले नसते.